मासळी कुठे सुकवतात, ते लिहिलंच नव्हतं

मंडळी, आज दुपारी घाटकोपरला माझ्या घरी आमचा रोल-प्लेइंग गेम झाला. मी एक काल्पनिक जग रचून सांगतो आणि मित्रमैत्रिणी त्यातली पात्रं होऊन खेळतात.

यावेळी महिनाभर खपून मी एका बेटाचा चाळीस पानी इतिहास लिहिला होता. वाचायला लागलो, तर तिसऱ्या राजापर्यंत सगळे मोबाइलमध्ये. मागचा गेमही असाच अर्धवट सुटला होता, त्यामुळे टेन्शनच आलं.

तेवढ्यात प्रणालीने विचारलं, "या बेटावर मासळी कुठे सुकवतात रे?" ती खारदांड्याच्या कोळीवाड्यातली, आज पहिल्यांदाच खेळायला आली होती.

"ते नाही लिहिलं गं. तूच सांग ना."

तिने किनाऱ्यावर बांबू बांधून बोंबील टांगले, राखणीला एक तोंडाळ म्हातारी बसवली आणि शांतपणे म्हणाली, "हिचे बोंबील रोज कोणीतरी चोरतंय."

सगळ्यांनी मोबाइल खाली ठेवले. पुढचे तीन तास आम्ही तो चोर शोधत होतो. माझे राजे फाइलमध्येच राहिले आणि खरं सांगतो, मला जराही वाईट वाटलं नाही.

पुढच्या बेटाची मी दोनच पानं लिहिणार आहे. तुम्ही जग रचताना किती लिहिता, आणि खेळणाऱ्यांसाठी किती मोकळं सोडता?