रुमालाखालचा भाव
सरकीचा तेलकट वास आला की मला तेलगावचा कापसाचा बाजार आठवतो आणि अजून डोकं तापतं. निजामाचं राज्य होतं. मुंबईच्या कॉलेजात व्यापाराची पदवी घ्यायला मी दोन दिवसांनी निघणार होतो. शेतकऱ्यांचा कापूस दलालीवर विकून देणारी अडत चालवणारे माझे चुलते म्हणाले, "काहून चाललास बे? नोकरीला उर्दू लागती, धंद्याला हे लागतंय. तुझी पदवी कोण इचारतंय?" आणि माझा हात खरेदीदाराच्या हातात देऊन त्यांनी वर लाल रुमाल टाकला. आमच्याकडे भाव असाच ठरे, रुमालाखाली बोटं दाबून, कुणाला कळू न देता. खरेदीदारानं माझी तीन बोटं दाबली; तो भाव आम्हा दोघांनाच कळला. ज्याचा कापूस होता तो म्हातारा उन्हात गाडीला टेकून उभा होता. त्यानं विचारलं, "काय ठरलं, धाकले मालक?" मी रुमाल खस्सकन ओढला. "हे बघा, तुमीच मोजा!" चुलते दात खाऊन म्हणाले, "आता तुला हितं कुणी उभं करणार न्हाई." "मग तर जायलाच पायजे," मी म्हणालो. मी मान खाली घातली नाही. रुमाल माझ्या मुठीतच राहिला. तो परत मागायला चुलत्यांनी तीनदा निरोप धाडला, मी दिला नाही. आज, पदवी घेऊन परतल्यावर काढलेल्या माझ्या स्वतःच्या अडतीवर मी कापसाचा भाव खडूनं फळ्यावर लिहितो, आणि फळा त्याच रुमालानं पुसतो.