वानरांच्या सिनेमात मी घातलेली दोन वाक्यं

ती दोन वाक्यं सिनेमात नव्हती. ती मी घातली, आणि मुद्दाम घातली. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर कुणाला वाटेल माझ्याकडून चुकून झालं.

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागानं एका रविवारी सकाळी विद्यार्थ्यांच्या घरच्यांसाठी वानरांवरचा माहितीपट ठेवला होता. लहान मुलांनाही दाखवता येईल असा. रानातली एक वानरीण, तिचं नुकतं जन्मलेलं पिल्लू आणि त्यांची टोळी. निवेदन इंग्रजीत होतं. सरांनी विचारलं, "आवाज बारीक करतो, तू मराठीतून वाचशील का?" आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. माईक धरायचा म्हटलं की मी मागच्या बाकावर जाऊन बसते. तरी मी हो म्हटलं, कारण त्या सिनेमात मावश्या होत्या.

म्हणजे असं, की वानरिणीला पिल्लू झालं की टोळीतल्या दुसऱ्या माद्या ते तिच्याकडून घेतात, कुशीत धरतात, हातोहात फिरवतात. त्यामुळे आईला खायला उसंत मिळते आणि तरण्या माद्या पिल्लू सांभाळायला शिकतात. निवेदनात एवढंच होतं.

मी पाचवीपासून भवानी पेठेत मावशीकडे राहते. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. ती घरी शाळेचे गणवेश शिवते, काज-बटण माझ्याकडे असतं. आई सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागेत कामाला जाते. मी आठवीत असताना शाळेत पालकांची सभा होती. मावशी माझ्या शेजारी बाकावर बसली होती, आणि अचानक वर्गाच्या दारात आई दिसली. न कळवता आली होती. हातात शेंगाच्या पोळ्यांचा डबा, पायाला माती. मला बघून तिनं हात पुढं केला. बाईंनी विचारलं, "या कोण?"

"गावाकडची बाई हाय. कामाची," मावशी म्हणाली. मग उठून तिनं आईच्या हातातला डबा घेतला आणि तिला बाहेर थांबायला सांगितलं. मी मान खाली घालून बसून राहिले. आईला ते ऐकू गेलं नसेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

सिनेमाला मी दोघींनाही बोलावलं. मावशी खुर्चीत टेकताच शेजारणीला म्हणाली, "माझीच पोरगी बोलणार हाय माईकवर." आई तिच्या पलीकडे पदर सावरून बसली.

पडद्यावर एका मादीनं पिल्लू उचललं, तेव्हा मी कागद सोडला आणि वाचल्यासारखं म्हटलं, "ही मावशी पिल्लाला आईपासून तोडते. चारचौघांत ते स्वतःचं म्हणून मिरवते." माझा आवाज कापला नाही. दोन-तीन बायका चुकचुकल्या. अंधारात मावशीचा चेहरा दिसत नव्हता, पण तिच्या बांगड्यांची किणकिण थांबली. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

सिनेमा संपल्यावर व्हरांड्यात मावशीनं मला गाठलं.

"धा वर्सं जेवू घातलं. आता माईकवरनं वानरीण म्हण मला."

"मी कुठं नाव घेतलं?"

"न्हाय की. नाव घ्यायला धाडस लागतंय."

मागून आई आली. मला वाटलं, ती माझी बाजू घेईल. ती म्हणाली, "पर खोटं वाचलंस तू. आमच्या बागंत रोज येत्यात ती. पोर दुसरीकडं दिऊन आई निवांत पाला खात बसती. सिनेमातबी खातच हुती की."

मावशी हसली. "बघ. तुझ्या आईलाबी पटलं न्हाय."

"थांब, आक्का," आई म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "त्या वानरिणीनं हात केला की पोर परत मिळतं तिला. म्या वर्गाच्या दारात हात केलता. तवा तू काय म्हणलीस?"

मग आईनं माझ्याकडं पाहिलं.

"आन तूबी हुतीस तितं."

याची मी तयारी केली नव्हती. तेवढ्यात सर आले आणि त्यांनी विचारलं, "या कोण?"

"ही माझी आई," मी म्हटलं. एवढं म्हणायला मला सहा वर्षं लागली.

"आणि या?"

मावशीनं पदर नीट केला, ओळख करून देताना ती नेहमी करते तसा. मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "या गावाकडच्या बाई आहेत. कामाच्या."

मावशीचं तोंड उतरलं. तिला ते शब्द आठवत होते, अगदी तसेच.

"माझी थोरली भन हाय, सायेब," आई घाईनं म्हणाली. "हिनंच संभाळली पोरीला."

सरांनी दोघींना नमस्कार केला. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पुढच्या वेळी कागदावर आहे तेवढंच वाच." मी मान हलवली. मला लाज वाटली, पण ती वानरांबद्दल खोटं सांगितल्याची. मावशीबद्दल वाटावी म्हणून मी त्यानंतर बरेच दिवस प्रयत्न केला. नाही वाटली.

गेटजवळ लिंबाखाली रिक्षाची वाट बघताना आईनं पिशवीतून डबा काढला. शेंगाच्या पोळ्याच होत्या. मावशीचा हात सवयीनं पुढं झाला. आईनं डबा माझ्या हातात दिला आणि रस्त्याकडं बघत उभी राहिली.

मी झाकण उघडलं. एक पोळी आईला दिली, एक स्वतः घेतली, आणि झाकण लावलं.