न बघता लावलेलं

पावसाळा लागला की महाबळेश्वरात टॅक्सीवाल्याला कुत्रंही विचारत नाही. हॉटेलांच्या भिंतींना गवताचे झाप लागतात, बाजारपेठ दारं ओढून घेते आणि गाड्या ताडपत्री पांघरून दसऱ्याची वाट बघतात. मग ड्रायव्हर लोकांनी करायचं काय? पत्ते खेळायचे.

स्टँडवरच्या मंडळींचा एक रिवाज होता. श्रावणात नानासोंच्या बंद खाणावळीत तीनपानीची स्पर्धा लागायची. पैशाला हात लावायचा नाही. प्रत्येकाला सारख्या घेवड्याच्या बिया मिळायच्या, दर डावाला एकेक मध्ये टाकायची, बिया संपल्या की मुकाट्यानं उठायचं. शेवटपर्यंत टिकेल त्याची गाडी सीझनभर रांगेत पहिली. म्हणजे रोज सकाळी पॉइंट बघायला निघालेलं पहिलं गिऱ्हाईक त्याचं.

हा पहिला नंबर तीन वर्षं भाऊसोंकडं होता. भाऊसो मेढ्याच्या बाजूचे, पलटणीत ट्रक चालवून पेन्शनीत आलेले. बायको मागंच गेलेली, उमा ही एकुलती पोर. बाकी माणसात सांगण्यासारखं फार नव्हतं, पण थांबायचं कसं हे त्यांना ठाऊक होतं. पानं उचलायची, वाईट असली तर टाकायची, पुन्हा वाईट आली तर पुन्हा टाकायची, आणि तोंडावरची रेघ हलू द्यायची नाही. या गुणाचा त्यांना इतका गर्व होता की दुसरा कुठला गुण अंगी लावून घ्यायची गरजच त्यांना कधी वाटली नाही.

त्र्याहत्तर सालच्या पावसाळ्यात त्यांचा जावई स्पर्धेला बसला. गुंडा वाईकडचा. शेताचा अर्धा वाटा विकून त्यानं जुनी फियाट घेतली होती आणि स्टँडवर लावली होती. सासऱ्या-जावयानं एका चटईवर पत्ते कुटावेत हे चांगलं दिसत नाही, पण स्टँड एकच आणि स्पर्धाही एकच. गुंडाचा खेळ म्हणजे आडदांडपणा. पानांना हात लावायचा नाही, दोन्ही हातांनी सगळ्या बिया मध्ये ढकलायच्या आणि ओरडायचं, "सगळं!" जुळवायचं तर तेवढ्याच बिया लावा, नाहीतर पानं टाका. लोक घाबरून टाकायचे. चिडून जुळवायला गेलेले दोघे-तिघे नशिबानं आडवे झाले होते. आठवडाभरात गुंडापुढं बियांचा ढीग लागला आणि त्याला वाटलं, आपल्याला खेळ येतो.

भाऊसोंना त्याचा इलाज माहीत होता. न बघता लावणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा कचरा असतो, त्याला पाडायला मोठी पानं लागत नाहीत, बऱ्यापैकी जोडी पुरते. फक्त आपली पाळी त्याच्यानंतर येईल अशा जागी बसायचं आणि तोवर दुसऱ्यांना त्याच्या अंगावर जाऊन मरू द्यायचं.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी उमा बापाच्या खोलीवर आली. त्यांची ओली धोतरं शेगडीवरच्या टोपलीवर पसरता पसरता म्हणाली, "आबा, उद्या त्यास्नी हरवू नगासा."

"का गं?"

"म्हनलेत, तुज्या बापानं चार माणसांत माजं तोंड पाडलं तर तुला त्येच्या दारात नेऊन सोडीन. परत घ्यायचो न्हाई."

भाऊसो हसले. "अगं, त्येची खोडच हाय ती. न बघता सगळं लावायचं. आत काय नसतंय. कुणी जुळवलं की गार पडतोय."

"मी पत्त्यांचं बोलत न्हाई, आबा. माज्या घराचं बोलतीया."

"दोन्ही एकच. एकदा मुळापासनं हरला की खोड जाईल. तुजंच बरं हुईल."

आपण फार शहाणं बोललो असं भाऊसोंच्या तोंडावर दिसत होतं. उमानं धोतर उलटून टाकलं आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चटईवर दोघंच उरले, सासरा आणि जावई. नानासो पानं वाटत होते, बाकीचे ड्रायव्हर भिंतीला टेकून मजा बघत होते. गुंडानं ढकललं, "सगळं!" भाऊसोंनी पानं टाकली. पुन्हा "सगळं!" पुन्हा टाकली. मग नव्व्यांची जोडी आली आणि भाऊसोंनी शांतपणे आपल्या बिया पुढं सारल्या. गुंडाकडं कचरा निघाला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. ढीग इकडून तिकडं सरकला आणि गुंडापुढं मूठभर बिया राहिल्या.

तिथंच त्याला संपवता आलं असतं, चांगली पानं हातात होती. पण भाऊसोंनी ती टाकून दिली. पुढच्या दोन डावांतही टाकली. गुंडा आता थोड्या थोड्याच बिया लावत होता; त्याला जरा वर येऊ दिलं, छाती फुगवू दिली आणि मग पुन्हा खाली आणलं. असं दोनदा केलं. जिंकायला याची काही गरज नव्हती. लोक हसत होते आणि त्या हसण्याची भाऊसोंना चटक लागली होती, एवढंच खरं. पोरीच्या नवऱ्याला त्यांनी सगळ्या स्टँडपुढं रांगायला लावलं.

उमा भिजलेली छत्री घेऊन दारात येऊन उभी होती. गुंडानं शेवटच्या बिया ढकलल्या. भाऊसोंनी पानं उचलली. सत्त्यांची जोडी. त्यांनी दाराकडं पाहिलं. उमानं मान हलवली, टाका म्हणून. ते तिला ओठांनीही म्हणावं लागलं नाही, बापाला समजलं.

भाऊसोंनी जुळवलं. गुंडाची पानं उलटली, राजा, पंजा आणि दुर्री.

"जावईबापू," भाऊसो गोड आवाजात म्हणाले, "फुडच्या वर्षी जरा पानं बघून खेळा."

खाणावळ हसून लोटपोट झाली. गुंडा उठला आणि उमाच्या शेजारून बाहेर गेला. दिवेलागणीला फियाट भाऊसोंच्या दारात थांबली. गुंडानं उमाची ट्रंक पावसात पायरीवर ठेवली, ती उतरेपर्यंत थांबला आणि गाडी वळवली.

"येतंय," भाऊसो म्हणाले. "आठ दिवसांत नाक मुठीत धरून येतंय. थांब."

दसऱ्याला गाड्या रांगेत लागल्या. भाऊसोंची पहिली, गुंडाची सगळ्यात शेवटी. पुढून मागचं काही दिसत नव्हतं. दिवाळीच्या पाडव्याला उमानं ओवाळायचं ताट करून ठेवलं आणि निरांजन विझेपर्यंत बसून राहिली. नानासो समजवायला आले, "भाऊसो, जावा की. पाय धरा. पोरीचं बाप हायसा तुमी." भाऊसोंचं एकच, "जो आधी हलला तो हरला, नानासो." पोर स्वयंपाकघरात ऐकत होती याचं भान त्यांना नव्हतं, किंवा असलं तरी फरक पडला नसता.

गुंडानं फियाट विकली आणि तो वाईकडं शेतावर गेला. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्यासाठी मुलगी बघताहेत असं कानावर आलं. तरी आणखी पंधरवडा भाऊसोंनी वाट बघितलीच. मग उमाला आणि तिच्या ट्रंकेला मागं बसवलं आणि पसरणीचा घाट उतरून ते गुंडाच्या गावी गेले.

उमाला गाडीतच बसायला सांगून भाऊसो ओसरीवर गेले. गुंडा विळ्याला मूठ बसवत होता. भाऊसोंनी टोपी काढून त्याच्या पायाशी ठेवली.

"माजं चुकलं, जावईबापू. पोरीला पदरात घ्या. पयला नंबर घ्या, गाडी घ्या, मेढ्याचं रान घ्या. माजं हाय ते सगळं घ्या."

गुंडानं विळा खाली ठेवला. "बसा, मामा." आतून एक बाई डोक्यावरचा पदर सावरत चहा घेऊन आली. तिच्या हातात हिरवा चुडा होता. कपबशी ठेवून ती आत गेली. भाऊसोंनी चहा घेतला, कारण नाही म्हणायचं त्यांना सुचलं नाही.

गुंडानं सावकाश पायाशी पडलेली टोपी पाहिली, फाटकाबाहेरची गाडी पाहिली, मागच्या काचेतली उमा पाहिली. इतका वेळ त्यानं कधी कशाला घेतला नव्हता.

"न्हाई, मामा," तो म्हणाला. "तवापासनं मी बघितल्याबिगार काय करत न्हाई. आता बघितलं. नगं."

टोपी उचलून भाऊसो गाडीत येऊन बसले. मागून उमानं विचारलं, "चहा तिनंच केलता?"

"व्हय."

"त्यास्नी साखर जास्त लागती," उमा म्हणाली. "सांगून आला न्हाईसा व्हय?"