पुरवून घेतलेल्या गोळ्या

आमच्या घरात ‘संपलं’ हा शब्द कुणी सहजासहजी उच्चारत नाही. टूथपेस्टची ट्यूब लाटण्याखाली घालून झाली की ती कात्रीने उभी कापायची, आतला थर ब्रशने पुसून घ्यायचा आणि वर आणखी चार दिवस काढायचे. साबणाचा उरलेला पातळ तुकडा नव्या वडीला चिकटवायचा. भात शिजत आला की गॅस बंद करून वर जड झाकण ठेवायचं, राहिलेला आपल्या वाफेवर शिजतो. यातलं बरंचसं मी सासूबाईंकडून शिकले. आंबिवलीच्या चाळीतून डोंबिवलीतल्या या फ्लॅटमध्ये आलो तेव्हापासून घराचा हप्ता हा आमच्या घरातला सगळ्यांत मोठा माणूस आहे. तो आधी जेवतो, मग आम्ही. नवरा ठाण्याला वर्तकनगरच्या बाजूला एका खासगी ऑफिसात जातो, मी घरी साड्यांना फॉल-पिको करते, मुलगी आठवीत आहे. आणि आम्ही दोघं मिळून आणतो ते महिनाअखेरपर्यंत ओढून नेतात त्या सासूबाई. त्यांना मी आई म्हणते. इथून पुढे मी आई लिहीन ते त्यांनाच.

आईंना बीपी निघाला तो दोन वर्षांपूर्वी. मान दुखते म्हणून डॉक्टरांकडे नेलं, तर डॉक्टरांनी पट्टा दोनदा बांधून बघितला. रोज सकाळी एक गोळी, आणि ती आयुष्यभर. ‘आयुष्यभर’ ऐकून आईंचा चेहरा पडला. मला वाटलं, आजाराच्या भीतीने पडला असेल.

पुढच्या वेळी गेलो तर बीपी तेवढाच. डॉक्टरांनी गोळी बदलून दुप्पट ताकदीची दिली. त्यानंतरही उतरला नाही, तेव्हा जोडीला दुसरी गोळी आली. मग मी घरात मोहीम काढली. मला एकदा संताप आला की मी कुणाचं ऐकत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. लोणच्याची बरणी शेजारच्या वहिनींना देऊन टाकली, पापड बंद, आमटीत मीठ नावापुरतं. नवरा डबा तसाच परत आणायचा आणि सिंकमध्ये ठेवायचा. मुलगी म्हणाली, “आई, ही भाजी म्हणजे पनिशमेंट आहे का?” आई मात्र सगळं अळणी मुकाट्याने जेवायच्या. त्यांच्या त्या मुकाटपणाचं तेव्हा मला भारी कौतुक वाटलं होतं.

एवढं करूनही बीपी वरच. या वेळी डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “हे असंच राहिलं तर कधीही अॅटॅक येऊ शकतो, नाहीतर पॅरालिसिस.” दोन्ही गोळ्यांची ताकद त्यांनी आणखी वाढवली.

पॅरालिसिस म्हणजे काय, हे मला रोज दिसत होतं. आमच्या तळमजल्यावर एक काका आहेत. दार उघडं असलं की ते खाटेवर दिसतात, तोंडाची एक बाजू उतरलेली, आणि काकू त्यांना चमच्याने पेज भरवत असतात. पेज अर्धी बाहेर येते. काकू ती पुसतात आणि पुन्हा चमचा पुढे करतात. त्या दिवसापासून मी जिना उतरताना तिकडे बघेनाशी झाले. उगाच सोज्वळपणा करत नाही, खरं लिहिते. मला आईंसाठी भीती वाटत होती तशीच आमच्यासाठीही वाटत होती. इतक्या बेताच्या घरात एक माणूस खाटेला खिळलं तर माझी मशीन बंद, मुलीचा क्लास बंद, हप्ता कसा जायचा देव जाणे. आईंनी जरा कपाळाला हात लावला तरी माझ्या हातातलं काम थांबायचं. त्या हसल्या की त्यांचं तोंड दोन्ही बाजूंनी सारखं हसतंय ना, हे मी बघायचे.

तोवर आई आपल्या गोळ्या आपणच घ्यायच्या. मी अधूनमधून विचारायचे, “गोळ्या आहेत ना?” त्या म्हणायच्या, “आहेत गो, पुष्कळ आहेत.” हे उत्तर ऐकून मला बरं वाटायचं. आमच्या घरात एखादी वस्तू संपली नाही तर ती का संपली नाही, असं कुणी विचारत नाही. संपली तर चौकशी होते.

डॉक्टरांचं ते बोलणं ऐकून आल्यावर मात्र मी गोळ्यांचा कारभार माझ्या हातात घेतला. नवऱ्याने नवीन स्ट्रिपा आणल्या, त्या मी फ्रीजवरच्या डब्यात ठेवल्या. रोज सकाळी चहा झाला की दोन्ही गोळ्या आईंच्या तळहातावर, पाण्याचा पेला हातात आणि गिळेपर्यंत मी समोर उभी. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, “ठेव तिथे, घेते मागाहून.” मी म्हटलं, “मागाहून नाही, आत्ता.” त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं, काहीतरी बोलायला गेल्या आणि मग गोळ्या गिळल्या. दोन-तीन दिवसांत त्या जरा ढिल्या वाटायला लागल्या. दुपारी आडव्या व्हायच्या, उठताना भिंतीला हात लावायच्या. मी म्हटलं, औषध लागू पडतंय, विश्रांती घेऊ देत.

त्यानंतर आली चतुर्थी. आईंचा उपवास. सकाळच्या गोळ्या मी दिल्या होत्या. मुलगी शाळेत, नवरा ऑफिसात. मी मशीनवर होते आणि आई स्वयंपाकघरात खाली बसून शेंगदाणे सोलत होत्या. ताट घेऊन त्या उठल्या. ताट पडल्याचा आवाज आला आणि त्यामागून आणखी एक आवाज आला, जड. मी पाय मशीनवरून काढायच्या आधीच मला कळलं होतं.

त्या ओट्याला टेकून खाली घसरल्या होत्या. चेहरा पिठासारखा पांढरा, कपाळावर थंड घाम, डोळे अर्धवट. हाक मारली तर ओ नाही. मी त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरून बघितलं, वाकडं झालंय का. मला काही कळेना. तळमजल्यावरचा तो चमचा डोळ्यांसमोर आला. मी दार उघडून ओरडले. समोरच्या वहिनी धावत आल्या. आम्ही दोघींनी आईंना फरशीवर सरळ आडवं केलं. मी नवऱ्याला फोन लावला, तो उचलेना. डॉक्टरांना लावला, तो लागेना.

वहिनी म्हणाल्या, “बीपी चढला असणार. गोळी आहे ना घरात? एक देऊन टाका पटकन, मग रिक्षा बघू.”

मला ते अगदी पटलं. दोन वर्षं आमच्या घरात बीपी फक्त चढत आला होता. तो उतरूही शकतो, हे माझ्या डोक्यात येणार तरी कुठून? मी फ्रीजवरचा डबा खाली घेतला. पहिली गोळी स्ट्रिपमधून निघून फरशीवर गेली. दुसरी काढली. आईंचं डोकं मांडीवर घेतलं आणि गोळी ओठांशी नेली.

त्यांनी दात मिटले.

“आई, तोंड उघडा. गोळी आहे.”

आडवं केल्यामुळे असेल, त्यांना जरा शुद्ध येत होती. डोळे माझ्याकडे फिरले. पण तोंड घट्ट मिटलेलं. मी त्यांची हनुवटी दाबली, त्यांनी मान फिरवली. माझा हात त्यांनी धरला, धरला म्हणजे काय, बोटं नुसती मनगटावर ठेवली. मला तेव्हा इतका राग आला की आजही आठवला की लाज वाटते. मला वाटलं, ही बाई मरतानाही गोळी वाचवतेय.

“आई, हट्ट करू नका,” मी अक्षरशः किंचाळले. “घ्या म्हणते ना.”

त्यांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

“नको गो,” त्या म्हणाल्या. “मी अख्खी कधी घेतलीच नाही. अर्धीच घ्यायचे. तू अख्खी देतेस, तेव्हापासून गरगरतंय.”

गोळी माझ्या दोन बोटांत होती, घामाने ओली झालेली. वहिनी विचारत होत्या, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या. मी ती गोळी हळूच ओट्यावर ठेवली, आपोआप उडून ती त्यांच्या तोंडात जाईल अशा भीतीने.

वहिनींच्या मुलाने रिक्षा आणली. खुर्चीत बसवून आईंना खाली उतरवलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टा बांधला, पुन्हा बांधला आणि सलाइन लावायला सांगितली. बीपी पार खाली गेला होता. मी जे घडलं ते सगळं सांगितलं, हातात धरलेल्या गोळीसकट. डॉक्टरांनी सलाइनचा वेग बघितला. मग म्हणाले, “ती पोटात गेली असती तर वाचल्या असत्या की नाही, मी सांगू शकलो नसतो. उपाशी माणूस, त्यात घरात मीठ बंद.”

दुपारपर्यंत आईंच्या चेहऱ्यावर रंग आला. नवरा ठाण्याहून धावत आला होता, खाटेच्या पायाशी उभा होता. त्याने विचारलं, “आई, सांगितलं का नाहीस गं?” आणि मग सगळं बाहेर आलं. पहिली गोळी सुरू झाली तेव्हा त्यांनी दुकानात किंमत विचारली होती. आयुष्यभर घ्यायची म्हणजे जपूनच घ्यायला हवी, म्हणून सुरीने अर्धी करायला लागल्या. अर्धीने बीपी उतरला नाही, म्हणून डॉक्टरांनी महाग गोळी दिली. महाग म्हणून ती एक दिवसाआड अर्धी. मग दुसरी गोळी आली, खर्च आणखी वाढला, म्हणून दोन्ही आणखी जपून. इकडे डॉक्टर वाढवत होते, तिकडे त्या कमी करत होत्या, आणि मधे आम्ही सगळे अळणी आमटी जेवत होतो.

“तुमचा हप्ता केवढा,” आई म्हणाल्या. “आणि मला काही होत नव्हतं की. मग कशाला उगाच?”

डॉक्टरांनी सगळं बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सगळ्यांत लहान, सगळ्यांत स्वस्त गोळी. ती अख्खी घेतली असती तर कदाचित तेवढीच पुरली असती, असं ते म्हणाले. हे ऐकून नवरा हसला आणि मग खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला.

संध्याकाळी आईंना घरी आणलं. मऊ भात दिला, मीठ घालून. त्या उशीला टेकून बसल्या, आता धोका नाही हे कळलं आणि मग माझा बांध फुटला. दिवसभर गिळलेली सगळी भीती रागाने बाहेर पडली. मी म्हटलं, “पैसे वाचवायला दुसरं काही सापडलं नाही का तुम्हाला? माझ्या हातून आज तुम्ही गेला असतात. मी काय केलं असतं? कुणाला तोंड दाखवलं असतं?” त्या मान खाली घालून ऐकत होत्या. नवरा म्हणाला, “अगं पुरे आता.” मला थांबता येईना.

मुलगी अभ्यासाची वही मिटून उठली आणि आजीजवळ जाऊन बसली. तिला लहानपणापासून दम्याचा त्रास आहे. आमच्या भागात कारखान्यांचा वास पसरला की तिची छाती वाजायला लागते. डॉक्टरांनी पंप दिलेला आहे, सकाळी दोनदा ओढायचा आणि रात्री दोनदा.

“आजीला ओरडू नकोस ना,” ती म्हणाली. “मी पण पंप एकदाच घेते. दोनदा नाही घेत. मागच्या वेळी किती दिवस पुरला बघ. तूच म्हणालेलीस, शहाणी आहे माझी मुलगी.”

ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. आजीची बाजू घ्यायला म्हणून. मी म्हणाले होते तसं, हे खरं होतं. ट्यूब पुरली, साबण पुरला, तसा पंप पुरला, आणि मी तिचं कौतुक केलं होतं.

नवऱ्याने टीव्ही बंद केला. आईंनी नातीचा हात धरला. मी उठून मुलीच्या दप्तरातून पंप काढला आणि तिच्यासमोर धरला. ती माझ्याकडे बघत राहिली, मी काय सांगते याची वाट बघत. मला सांगायचं होतं, दोनदा घे, आत्ता, माझ्यासमोर. पण सकाळी आईंनाही मी समोर उभी राहूनच गोळ्या दिल्या होत्या, पूर्ण, डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्याच. पंप हातात धरून मी तशीच बसून राहिले. दोनदा घे, असं म्हणायला माझी जीभ रेटेना.