लवू मयेकराचा उघडा हेडफोन

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल, लवू मयेकराबद्दल, वायरी गावात कुणालाही विचारा. ‘देवमाणूस, पण हात वायच सैल,’ असंच ऐकायला मिळेल. हात सैल! गाठ सैल असते, पगडी सैल असते. माझ्या बहिणीचे पुढचे दोन दात पाडणाऱ्या हाताला सैल म्हणणाऱ्यांची मला चीड येते. पण ती चीड यायला मला सोळा वर्षं लागली, हेही आधीच सांगून टाकते.

लढाईच्या काळात लवू मालवाहू बोटीवर तारायंत्राच्या खोलीत होता. एक बोट त्याच्या पायाखाली बुडाली, दुसरीवरून तो धड परत आला. येताना त्यानं एक काळा, जड हेडफोन आणला. दोन्ही कानांवर वाट्या घट्ट बसायच्या आणि मग शेजारी तोफ डागली तरी ऐकू येत नसे. कान मात्र त्याचा विलक्षण तयार. पेटीचा एक सूर केसभर उतरला असेल तर तो अंगणातून सांगायचा. भजनात तो बुवा, गावात त्याला मान, आणि १९५२ साली आमच्या रुक्मिणीअक्काचं त्याच्याशी लग्न झालं तेव्हा आमच्या आईला आभाळ ठेंगणं झालं.

लग्नानंतरच्या दुसऱ्या चतुर्थीला पहिला फटका बसला. लवू हेडफोन घालून रेडिओवर गाणं ऐकत होता. अक्का चहा घेऊन मागून गेली आणि तिनं त्याच्या खांद्याला हात लावला. तो वळलाच मुठीनं. कप फुटला, दात पडले, चहाबरोबर रक्त जमिनीवर सांडलं. मग तो कपाळाला हात लावून म्हणाला, “माका ऐकाक इला नाय गो. माका वाटला बोटीर आसंय.” अक्कानं तोंडात पदराचा बोळा धरून मान हलवली. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, कारण निमित्त सापडलं होतं.

आमच्याकडे हे एक बरं आहे, माणसाचा दोष कधी त्या माणसाचा नसतो. तो जागेचा असतो, नाहीतर देवाचं काहीतरी चुकलेलं असतं, नाहीतर कोणीतरी मागून आलेलं असतं. लवूच्या मागून बोटीवरचे बुडालेले खलाशी आले असं ठरलं. देवळात गाऱ्हाणं घातलं. गावकार, देवळाचा मानकरी, हात जोडून म्हणाला, “बा देवा म्हाराजा, तारवावरसून जा काय ह्येच्या वांगडा इला आसात, ता सात समुद्रापलीकडे धाड.” सगळे ओरडले, “व्हय म्हाराजा!” मीही ओरडले. गावाची राखण करणाऱ्या देवाला, राखणदाराला, कोंबडा दिला. पंधरा दिवसांनी अक्काचा डावा डोळा काळानिळा होता.

मग घरच्यांनी युक्ती काढली. आंबे काढायची घळ असते ना, लांब बांबूला जाळी लावलेली, ती दाराआड उभी करून ठेवली. लवूच्या कानावर वाट्या असल्या की जवळ कुणी जायचं नाही. दारातूनच घळीनं त्याला हलकेच टोचायचं. तो मुठी वळून उठायचा, हवेत एक फटका मारायचा आणि मग शांत व्हायचा. सुट्टीला वेंगुर्ल्याहून मी जायची, मी तिथं शाळेत शिकवते, तेव्हा अक्का मला घळ कशी धरायची ते शिकवायची. आम्ही दोघी पोट धरून हसायचो. आज ते हसू आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

लवूच्या भजनात पखवाजावर शंकर असायचा. एकदा आचऱ्याला डबलबारी होती, दोन बुवा समोरासमोर, एकानं गायचं आणि दुसऱ्यानं त्याला उत्तर द्यायचं. शंकर लयीत घसरला आणि समोरचे हसले. लवूनं हातातला टाळ तसाच शंकरच्या कपाळावर हाणला. चार टाके पडले. तेव्हा लवूच्या कानावर काहीच नव्हतं. पण त्याचा हिशेब कुणी केला नाही. ‘बुवा रागीट आसतलोच,’ म्हणाले आणि शंकरनं कपाळाला पट्टी बांधून पुढची बारी वाजवली.

बासष्ट साली लवूनं सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर मिळवला आणि तो भजनं टेप करू लागला. मुंबईचे चाकरमानी त्या टेपांची वाट बघायचे. काम बघण्यासारखं होतं, खोटं कशाला बोलू? मायक्रोफोन माणसाच्या उंचीवर टांगायचा, स्वतः हेडफोन घालून कोपऱ्यात बसायचा आणि हातानं खुणा करायचा. पखवाज दोन हात मागे, झांजवाला भिंतीकडे तोंड करून, पेटी थोडी पुढे. सगळे जागच्या जागी बसले की त्याचा चेहरा लहान मुलासारखा व्हायचा. त्या चेहऱ्यावर मी भाळले होते. अक्काही भाळली असेल कधीतरी.

अडुसष्टच्या एप्रिलात सुनीती पहिलीतून दुसरीत गेली. अक्काची ही एकुलती एक मुलगी. शाळेतून पळत आली, निकाल बापाला सांगायचा म्हणून. घळ विसरली. सात वर्षांचं पोर ते, मागून जाऊन बापाच्या गळ्यात पडलं. लवूनं बसल्या जागेवरून उलट्या हातानं मारलं. पोर दाराच्या उंबऱ्यावर जाऊन आदळलं. डाव्या कानातून रक्त यायला लागलं ते थांबेना. मालवणच्या डॉक्टरांनी तपासलं आणि त्या कानाचा पडदा गेला म्हणून सांगितलं.

लवू रडला. मनापासून रडला, मी पाहिलं. काळा हेडफोन त्यानं अंगणातल्या दगडावर आपटून फोडला आणि छाती पिटत ओरडला, “ह्येनाच माझा घर बुडयला!” आम्ही सगळे त्या काळ्या तुकड्यांकडे बघत होतो, जणू खुनी सापडला. अक्का तेवढी पोरीजवळ बसून होती.

आणि मग मी पुढाकार घेतला. शिकलेली ना मी! आमचा मामेभाऊ भाई बोटीवर होता, जर्मनीला जायचा. त्याला मी सविस्तर पत्र लिहिलं की बाबा रे, घालून गाणं नीट ऐकू येईल, पण मागून आलेलं माणूसही कळेल, असा हेडफोन जगात कुठे आहे का? दोन महिन्यांनी त्याचं उत्तर आलं. आहे, नवीनच निघालाय, मागची बाजू जाळीसारखी उघडी असते. मला इतका आनंद झाला की वर्गातल्या पोरांना त्या दिवशी मी गृहपाठ दिला नाही.

एकोणसत्तरच्या जानेवारीत भाई आला तो दोन हेडफोन घेऊन. एक झाकणाचा, एक उघडा. म्हणाला, “भावोजी, दोनय ऐका. व्हयो तो ठेवा, दुसरो मी घेवन जातंय.”

लवूनं एकच टेप दोन्हींवर ऐकली. मीही ऐकली. झाकणाच्या हेडफोनमध्ये पखवाजाची थाप पोटात बसायची, पण सगळं रांजणात तोंड घालून गायल्यासारखं, आणि दहा मिनिटांत कान घामानं भिजायचे. उघडा घातला आणि मी दचकले. पेटी पुढे, झांज मागे, बुवाचा श्वास सुद्धा वेगळा. मांडवात बसल्यासारखं वाटत होतं. वजन तर कळतच नव्हतं. थाप मात्र जरा हलकी. आणि गाणं ऐकता ऐकता विहिरीवरचा रहाट ऐकू येत होता, स्वयंपाकघरात अक्का खोबरं किसत होती तेही.

“टेप करूक झाकणाचो बरो,” लवू हेडफोन काढत म्हणाला. “ह्येच्यातसून आवाज भायर पडता. मायक्रोफोन जवळ आसलो तर किंचाळतलो.”

“मग लांब बसा,” मी म्हटलं. “पण मागून कोणी आलं तर कळेल. ते महत्त्वाचं की पखवाज?”

लवूनं ओटीकडे पाहिलं. गावातली चार माणसं ओटीवर बसली होती. त्यानं सुनीतीला जवळ बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “उघडोच ठेवतंय. माझ्या चेडवापेक्षा माका काय मोठा नाय.” सगळ्यांचे डोळे भरून आले. भाईनं दुसरा खोक्यात घालून परत नेला. अक्का चहाचे कप गोळा करत होती. तिच्या तोंडाकडे मी पाहिलं नाही, मी स्वतःवरच खूश होते.

तीन-चार महिने बरे गेले. घळ माळ्यावर टाकली. मे महिन्यात सुट्टी लागली तशी मी वायरीला गेले.

दुपारची वेळ होती. लवू माजघरात उघडा हेडफोन घालून नवी टेप ऐकत होता. गाणं बारीक आवाजात आम्हालाही ऐकू येत होतं. अक्का स्वयंपाकघरातून म्हणाली, “ओ, जेवक येतास मां?”

“इलंय,” तो मान न वळवता म्हणाला. मला इतकं बरं वाटलं! ऐकू येतंय, म्हटलं, ऐकू येतंय.

थोड्या वेळानं अक्का दारात येऊन, अगदी त्याच्या समोर उभी राहून म्हणाली, “जेवाण निवता.”

“ऐकलंय मगे!”

तो उठला. त्यानं हेडफोन डोक्यावरून सावकाश काढला. वायर बोटांभोवती गुंडाळली. हेडफोन खोक्यात ठेवला, खोक्याचं झाकण नीट लावलं आणि ते फळीवर सरकवलं. मग वळून त्यानं अक्काच्या तोंडावर मूठ मारली. ती चौकटीवर आपटून खाली पडली तशी कमरेत लाथ घातली. मी धावले, तर माझं मनगट पिरगाळून मला भिंतीवर फेकलं. पुन्हा लाथ, पुन्हा लाथ. आवाज ओले कपडे आपटल्यासारखा येत होता. सुनीती पडवीत उभी होती, चांगल्या कानावर हात दाबून.

दमल्यावर तो खुर्चीत बसला. धापा टाकत माझ्याकडे बघून म्हणाला, “ह्या उघड्याचा ह्यां असा आसा. भायरचो सगळो गोंधळ आत येता. माणसाचा डोक्या फिरता. झाकणाचोच बरो होतो.”

आणि मी काय म्हटलं माहीत आहे? मनगट धरून, भिंतीला टेकून मी म्हटलं, “भाईला लिहिते मी. तो दुसरा परत मागवते.”

शब्द बाहेर पडले आणि मी अक्काकडे पाहिलं. ती एका हातावर उठून बसली होती. ओठ फाटला होता. ती माझ्याकडे बघत होती, त्याच्याकडे नाही. तेव्हा कुठे मला कळलं की मी काय बोलले.

मी उठले, अक्काला उठवलं, सुनीतीचा हात धरला. लवू दारात आडवा आला. पाट्यावरचा वरवंटा माझ्या हातात कधी आला मला ठाऊक नाही. मी तो उचलून धरला आणि लवू मयेकर बाजूला झाला. पटकन झाला.

दुपारच्या गाडीनं आम्ही तिघी वेंगुर्ल्याला निघालो. कसालला गाडी बदलायची होती. तिथे झाडाखाली बसून मी अक्काच्या ओठाला ओला रुमाल लावत होते.

“सुभद्रा, मागे एकदा घराकडे फौजदार इल्लो, याद आसा तुका?” ती म्हणाली. “हेंच्या कानार काळो हेडफोन होतो. फौजदारान मागसून जावन खांद्यार हात ठेवल्यान. हेंनी उठान खुर्ची दिल्यानी.”

मला आठवलं. त्या दिवशी फौजदाराला चहा मीच नेऊन दिला होता.

“मग तू बोलली का नाहीस ग कधी?” मी रडत विचारलं.

“बोललंय,” अक्का म्हणाली. “किती येळा बोललंय. तुमी सगळी हेडफोनाचा बोलत होतास.”