आभाळ खरं सांगत होतं

हे मी ठमीच्या चितेसमोरही बोललो नाही. पोरीला सांगितलं नाही, भावकीत नाही. वज्रेश्वरीला देवीपुढे हात जोडून उभा राहिलो, तेव्हासुद्धा दुसरंच काहीतरी पुटपुटलो. देवीला ठाऊकच असेल, तिला काय सांगायचं — असं म्हणून सुटलो. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमलं तर जमेल.

मी चौथी शिकलेला माणूस. भिवंडीत एकतीस वर्षं कापडाच्या लूमवर काढली, बारा-बारा तासांची ड्युटी. कान गेले त्यात. समोरचा हळू बोलला की मी नुसती मान हलवतो. मान हलवायची सवय वाईट, माणूस कशालाही हो म्हणून बसतो. पण बघा — मी हे कानावर ढकलायला लागलो. कानाचा काही संबंध नाही. जे केलं ते हाताने केलं, आणि हात धड होते.

लूम सुटल्यावर गावी आलो. आमचं गाव पडघ्याच्या आतल्या अंगाला, गोदामांची रांग संपली की. गावच्या विहिरीची सरकारी नोंद व्हायची. म्हणजे पाणी काठापासून किती खाली गेलंय ते वर्षातून चार वेळा मोजायचं आणि कार्डावर लिहायचं. आधी शाळेचे गुरुजी करायचे, ते वारले. भूजल खात्याच्या ऑफिसचा माणूस आला, कोण करील म्हणाला, मी हात वर केला. त्याने मला एक फीत दिली, टोकाला शिशाचं वजन. फितीला खडू घासायचा, खाली सोडायची, खडू कुठवर भिजला ते बघायचं. पोरखेळ. पण मला मान वाटला. लूमवर एकतीस वर्षांत कोणी माझ्या हातात पेन दिलं नव्हतं.

पहिली दोन वर्षं मी फीत सोडली. हे खरं आहे. ठमी — माझी बायको — कार्ड धरून उभी राहायची आणि मला इंजनेर म्हणून चिडवायची. वाकून बघू नका, इंजनेर विहिरीत पडला तर कार्डावर काय लिहू, मला तर लिहिता येत न्हाय.

मग एका मे महिन्यात दिघाशीला मेव्हण्याकडे लग्न होतं. चार दिवस राहिलो, मोजायची तारीख टळली. परत आलो तर ऑफिसातून फोन, आकडा द्या. विहीर घरापासून दोनशे पावलं. ऊन होतं, जेवण झालं होतं. मी मागच्या मे महिन्याचा आकडा बघितला, त्यात चार बोटं इकडेतिकडे केली आणि सांगून टाकला.

काही झालं नाही. काहीच झालं नाही — तेच वाईट झालं.

ऑक्टोबरात पुन्हा तसंच. मार्चात तसंच. मागला मार्च बघून या मार्चचा, मागला मे बघून या मेचा. ओट्यावर बसून, बिडी ओढत. फीत खुंटीला टांगलेली. कशासाठी? आळस. दुसरं काही नाव नाही त्याला. मला कोणी पैसे चारले नव्हते, कोणी दम दिला नव्हता. आणि पुढे पुढे आळसही राहिला नाही, भीती झाली. आता खरा आकडा लिहिला तर एकदम उडी दिसणार. मग विचारतील, मधल्या वर्षांचं काय? म्हणून खोटं चालू ठेवलं. कार्ड इतकं नीट दिसायचं की ऑफिसचा माणूस म्हणायचा, काका, तुमची विहीर फार शहाणी.

इथवर सांगितलं तेवढंच असतं तर मीसुद्धा म्हटलं असतं — म्हातारा कामचुकार, सोडून द्या. पण मला ठाऊक होतं. पाणी खाली चाललंय हे मला ठाऊक होतं. ते फितीने नाही, दोराने.

ठमी रोज पोहरा सोडायची. एका उन्हाळ्यात म्हणाली, दोर पुरत न्हाय, दोन हात जोडा. मी गोदामावरून ट्रकचा निळा दोर आणला आणि गाठ मारून दिली. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा. तेव्हा पिवळा मिळाला. तिसऱ्या वेळी सुंभाचा. माझ्या बायकोचा दोर सहा हात वाढला, आणि तो वाढवला कोणी? मीच. ज्या आठवड्यात तिसरी गाठ मारली त्याच आठवड्यात मी कार्डावर जुना आकडा लिहिला. एकाच हाताने. हे तुम्ही कसं समजून घ्याल मला ठाऊक नाही. मी स्वतः पाच वर्षं प्रयत्न करतोय.

मग मॅडम आली. ऑफिसची नवी पोरगी, माझ्या नातीएवढी, पायात बूट, पाठीला बॅग. दसऱ्याच्या सुमाराला आली — विहीर तेव्हा काठोकाठ, वाकून तांब्या बुडवावा इतकी. आमच्याकडे पावसाला तोटा नाही. तोटा फाल्गुनानंतर सुरू होतो. मॅडमने स्वतः फीत सोडली, माझ्या आकड्याशी ताडून बघितली, जुळला. जुळणारच, भरलेली विहीर कोणालाही जुळते. खूश झाली. मग ओट्यावर बसून तिने कॉम्प्युटर उघडला.

तिने मला जे सांगितलं ते मला समजलं. लोकांना वाटतं आम्हाला समजत नाही. वर दोन उपग्रह एकामागे एक फिरतात. खाली जमिनीत पाणी जास्त असलं की तिथे ओढ जास्त, त्यावरून ते ओळखतात की कुठल्या भागातलं पाणी वर्षावर्षाला कमी होतंय. दुसरा एक उपग्रह हिरवळ बघतो — उन्हाळ्यात कुठे भाजी आहे, कुठे करपलं. सगळा नकाशा तिने दाखवला. आमचा अख्खा पट्टा लाल होत चाललेला. आणि त्या लालात एक हिरवा ठिपका. आमचं गाव.

मी विचारलं, हे कसं? ती म्हणाली, उपग्रह मोठा मुलूख सांगतो, काका, एकेक गाव त्याला नीट दिसत नाही. गाव विहीर सांगते. म्हणून तुमच्या कार्डाने आम्ही नकाशा दुरुस्त केला. पण मला शंका आहे. एक तर उपग्रह चुकतोय नाहीतर —

चांगल्या घरची पोर. नुसतं विचारलं, "उन्हाळ्यातले आकडे तुम्ही स्वतः घेतलेत ना, काका?"

तिच्या पाठीमागे खुंटी होती. खुंटीला दोर होता, तीन रंगांचा, तीन गाठींचा. ती वळली असती तर तिला दिसला असता. दारात ठमी चहा घेऊन उभी. मी ठमीकडे बघितलं, ठमीने माझ्याकडे.

"स्वतः. या हातांनी," मी म्हटलं.

आणि एवढ्यावर थांबलो नाही. तिने विचारलं, मग उन्हाळी भाजीची हिरवळ दर वर्षी कमी का दिसते? मी म्हटलं, मॅडम, पोरं शेतात राबायला तयार नाहीत, सगळी गोदामात शिफ्टला जातात. आता हे खरंच होतं. खोट्यात असं एक खरं घातलं की ते किती घट्ट बसतं! ती हसली. म्हणाली, बरं झालं आले, हे उपग्रहाला कुठून कळणार. चहा प्यायली, ठमीला नमस्कार केला आणि गेली.

ठमीने कप उचलले. आत जाता जाता बोलली, आवाज चढवून नाही.

"आभालाला खोटं पाडलंत तुमी."

बस. त्यानंतर मरेपर्यंत या गोष्टीचा एक शब्द नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. चार लोकांत माझी काढली असती तरी चाललं असतं. तिने मला सांभाळून घेतलं, आणि मी सांभाळून घेऊ दिलं.

ठिपका हिरवाच राहिला. कुठल्या गावांना आधी बंधारे, आधी नळ, कुठे नव्या खोल बोअरला मनाई, याची यादी त्या नकाशावरून झाली. ओढ्यापलीकडच्या गावात विहीर मोजायला एक विधवा बाई होती, तिने जे दिसलं ते लिहिलं होतं. त्या गावात बंधारा झाला, नळ आले. आम्हाला पाणी भरपूर, म्हणून आम्ही यादीत नाही. गोदामवाल्यांना मात्र आमच्या हद्दीत बोअर मारायला मोकळीक मिळाली. कागदावर पाणी होतं ना.

तीन उन्हाळे गेले. चैत्रातच विहिरीचा तळ दिसायचा. बाया ओढ्यात खड्डे खणून करवंटीने पाणी भरायच्या. एक हंडा भरायला सकाळ जायची. आणि भरताना ऑफिसला शिव्या द्यायच्या, वरून फिरणाऱ्या त्या यंत्राला शिव्या द्यायच्या — फुटलेत का डोळे त्याचे? ठमी त्यांच्यात बसून ऐकायची. घरी येऊन मला सांगायची नाही. मला दुसरीकडून कळायचं.

मी सायकलला दोन कॅन बांधून पाणी आणायला लागलो. आमच्याकडे पुरुष पाणी भरत नाहीत. लोक म्हणायला लागले, बायकोवर म्हाताऱ्याचा किती जीव. मी ते म्हणू दिलं. आवडायचंसुद्धा मला. हे पण सांगून ठेवतो.

तिसऱ्या वर्षी डोंगराकडच्या आदिवासी पाड्यावर एक हातपंप बसला. पाड्यावर पंधरा-वीस घरं, मजुरीवर जगणारी. त्यांचं त्यांना पुरेना, पण ठमीला त्यांनी कधी परत पाठवलं नाही. बुधी म्हणून एक बाई आहे तिथे, ती ठमीला रांगेत पुढे घ्यायची. म्हातारीला बसू द्या गं, तिचा मालक सायकलवर मिरवतोय, असं म्हणून हसवायची.

मागल्या वर्षी चैत्रात ठमी त्या हातपंपाजवळ बसली ती उठली नाही. बुधीने डोकं मांडीवर घेतलं, ओंजळीने तोंडात पाणी घातलं. मी पोचलो तेव्हा ठमीची हनुवटी ओली होती. डॉक्टर म्हणाला हृदय, आणि साखर पण होती. असेल. पाण्याने मेली असं मी म्हणणार नाही, मला तेवढी अक्कल नाही. पण मेली तेव्हा ती हंडा घेऊन रांगेत होती. आणि त्या रांगेत तिला कोणी उभं केलं, ते तिला ठाऊक होतं.

तिचे दिवस झाल्यावर मी फीत ऑफिसला परत केली. होत नाही म्हटलं. त्यांनी विहिरीत एक यंत्र सोडलंय, ते आपलं आपण मोजतं आणि आपण कळवतं. त्याला ना आळस ना भीती. या मे महिन्यात त्याने पहिला खरा उन्हाळी आकडा पाठवला.

आणि मॅडमचा फोन आला. आधी ठमीचं विचारलं, तिला उशिरा कळलं होतं. रडवेली झाली होती. मग म्हणाली, काका, एक कळत नाही. तुम्ही होतात तोवर विहीर चांगली होती. एका वर्षात ती एकदम इतकी खाली कशी गेली? गावात नवीन काय झालं?

आता सांगा, या वेळी मला कोणाची लाज होती? घरात कोणी नव्हतं. तोंड उघडायचं आणि एक वाक्य बोलायचं — मॅडम, विहीर एकदम गेली नाही, मी फीत सोडत नव्हतो. नोकरी जाणार नव्हती, नोकरीच नव्हती. बायको पुन्हा मरणार नव्हती. काय जाणार होतं माझं?

मी म्हटलं, पाड्यावर नवा हातपंप बसलाय. तेव्हापासून.

ती म्हणाली, थांबा काका, लिहून घेते. पाड्याचं नाव सांगा.

मी नाव सांगितलं. तिला नीट ऐकू आलं नाही, तर दुसऱ्यांदा सांगितलं. आणि तिचं लिहून होईपर्यंत फोन कानाला धरून थांबलो.