रडत आलेली फ्रान्सची बाई

राजूरला गणपतीच्या रस्त्यावर माझं ब्लाउज शिवायचं दुकान हाय. दुकान कसलं, घराची पुढची खोली. एक मशीन, इस्त्री, आरसा आणि बायांची कटकट. चतुर्थीला दर्शनासाठी आलेल्या बायासुद्धा आत डोकावतात आणि जल्दी हूक लावून मागतात. मी लावून देते, पण तोंड वाजवून देते. मला राग लवकर येतो, हे गल्लीतल्या लेकरांनाही माहीत हाय.

मशीनवर बसलं की कानाला काहीतरी लागतं. फोनवर गौळणी लावायच्या आणि कापड हातात घ्यायचं. एक गाणं संपलं की फोन आपल्या मनानं दुसरं लावतो, आणि हात गुंतलेले असले की ते बंद कोण करणार? अशीच एक दिवस ती बाई सुरू झाली. एक अक्षर कळंना. पण आवाज असा की मी बाही उलटी कापली, आणि गिऱ्हाइकाची बोलणी खाल्ली.

मंग मी तिच्या मागंच लागले. फ्रान्सची गाणारी हाय, एवढं कळलं. तिच्या आयुष्यावरची एक लांबलचक फिल्म फोनवर सापडली. बोलणं तिच्या भाषेत आणि खाली हिंदीत अक्षरं पळायची. टीप मारताना अक्षरं वाचता येत न्हाईत, म्हणून मी जेवताना बघायची. नवरा म्हणायचा, आता गोऱ्या बायांचे ब्लाउज शिवायचं ठरवलं का काय. मी म्हणलं, त्या निदान वेळेवर न्यायला तरी येतील.

तिचे आईबाप मूळचे फ्रान्सचे न्हाईतच. शेजारच्या स्पेनमधले. तिकडं आपसात लढाई पेटली तेव्हा ते दोघं डोंगर ओलांडून पायी फ्रान्सात आले. बाप भिंतींना गिलावा करायचा. घरात स्पेनची बोली आणि उंबऱ्याबाहेर फ्रान्सची. शाळेत पोरं तिच्या बोलण्याला हसायची, म्हणून तिनं फ्रान्सची भाषा अशी घासूनपुसून घेतली की पुढं कुणाला शंकाही आली न्हाई. बाजाराच्या दिवशी एका हॉटेलात गायची. तिथं एक रेकॉर्ड काढणारा आला आणि म्हणला, आवाज चांगला हाय पण हे लांबलचक नाव कोण घेणार, बदल. तिनं बदललं. आपल्याकडं लग्नात नाव बदलतात, तिचं धंद्यात बदललं, एवढाच काय तो फरक.

पुढं तिची चांदी झाली. लाल झगा, मोठमोठे हॉल, नाचायची गाणी, प्रेमाची गाणी, सगळी फ्रान्सच्या भाषेत. बाप इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खुर्चीवर बसायचा आणि कार्यक्रम झाला की विचारायचा, आपल्या गावाकडचं एखादं कधी म्हणणार? ती म्हणायची, लोकांना कळायचं न्हाई बाबा, पुढच्या वेळी. आणि एक दिवस ती परदेशात कार्यक्रमाला गेलेली असताना दुपारी फोन आला की बाप गेला. संध्याकाळी हॉल भरलेला. ती उभी राहिली आणि हसत हसत सगळी गाणी म्हणली. फिल्ममध्ये आता ती म्हातारी झालीय, लिपस्टिक मात्र सोडली न्हाई. विचारणाऱ्यानं विचारलं, रडला न्हाईत का. ती म्हणली, कुणाजवळ रडायचं, माझ्या माणसांतलं तिथं कोणीच नव्हतं.

त्यानंतर तिचा गळाच बंद झाला. डॉक्टरांनी घशात बॅटऱ्या मारून बघितलं, काही सापडंना. पेपरवाल्यांनी लिहिलं की संपली बाई. लई वर्षं ती घरात बसून राहिली. मंग एकदा काळे कपडे घालून स्टेजवर आली, वाजवणाऱ्यांना गप बसवलं आणि बापाच्या गावचं गाणं म्हणलं, स्पेनच्या बोलीत. हॉलमध्ये कुणाला अर्थ कळला न्हाई, पण कुणी खोकलं सुद्धा न्हाई. पुढं मरेस्तोवर दोन्ही भाषांत गाईन असं ती म्हणते. मी बाही उलटी कापली ती ह्याच गाण्याच्या पायी. ते बघून मी फोन बाजूला ठेवला आणि आत माझ्या जावेकडं बघितलं.

माझी थोरली जाऊ. मी तिला अक्का म्हणते. आम्ही एकाच घरात राहतो. तिचं सांगायचं तर आधी आमच्याकडची रडायची रीत सांगावी लागंल. मयत झालं की घरातल्या बाईला सूर फुटतो तो माहेरची बाई आल्यावर. ती गल्लीच्या तोंडापासून हेल काढत येते, दारात घरातलीच्या गळ्यात पडते, आणि मंग घरातली तिला जबाब देते. गेलेल्या माणसाचं सगळं त्या रडण्यात येतं. त्यानं काय आणलं, काय खाल्लं, काय बोलायचं राहिलं. शिकलेल्या लोकांना हे नाटक वाटतं. वाटू द्या, ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

अक्काचे मालक, म्हणजे माझे भाया, कोरोनात गेले. स्वतःच्या पायांनी ॲम्ब्युलन्समध्ये चढले, आणि नंतर जालन्याहून नुसता फोन आला. तिथंच प्लास्टिकचे कपडे घातलेल्या माणसांनी त्यांना अग्नी दिला. अक्काला माहेरच्या म्हणून दोघी बहिणी, धावडा गावात. रस्ते बंद, नाक्यावर पोलीस. त्या येईपर्यंत लई दिवस उलटले, आणि गळ्यात पडायचं न्हाई, लांब बसायचं, असं गावात बजावलेलं. दोघी तोंडाला फडकं बांधून अंगणात खुर्च्यांवर बसल्या. अक्कानं चहा केला. फडकी खाली ओढून त्यांनी तो घेतला आणि गेल्या. तेव्हापासून अक्काच्या डोळ्यातून टिपूस आलं न्हाई.

आधी मला वाटलं, मनानं घट्ट हाय. मंग तिचं जेवण उतरलं. एक भाकर, अर्धी, चतकोर. भायांचं नाव घेईना, कुणाच्या मयतीला जाईना. तिचे ब्लाउज मीच दोन्ही बाजूंनी आत घेत गेले. भोकरदनच्या डॉक्टरनं रक्त तपासलं, ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणला, ह्या अशाच वाळत गेल्या तर अवघड हाय. रडल्या का त्या कधी, असंही विचारलं. मला तिथंच भडभडून आलं, कारण ही बाई माझ्या डोळ्यांदेखत संपत चालली होती आणि मी नुसती टिपा मारून राह्यले होते.

गल्लीनं आपलं काम बराबर केलं. आमच्या समोरच्या म्हातारीच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. तिनं पसरवलं की नवरा आवडतच नव्हता, म्हणून डोळे कोरडे. मी तिच्या ओट्यावर जाऊन तिची चांगली खरडपट्टी काढली. पण माझ्या भांडणानं अक्काला भाकर थोडीच गोड लागणार होती.

मंग एका दुपारी मी हूक लावत होते. फोन छोट्या स्पीकरला जोडलेला. अक्का आत परातीत गहू निवडत होती. फोननं फिरून तेच बापाच्या गावचं गाणं लावलं. सुरुवातीला वाजंत्री काहीच न्हाई, नुसता त्या बाईचा आवाज, लांबून जवळ येत गेल्यासारखा. अक्का डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली आणि मला ओलांडून गल्लीकडं बघायला लागली.

"कोण आलं गं रडत?" तिनं विचारलं.

दुसरं कोणी असतं तर मी हसले असते. मी सांगितलं, कोणी न्हाई अक्का, फोन हाय, फ्रान्सची बाई गाणं म्हणून राह्यली. अक्काला पटंना. हे गाणं न्हाई, म्हणली, हिचं माणूस गेलंय. आता हिला काय चूक म्हणायचं? मी फोन थांबवला आणि तिला सगळं सांगितलं. डोंगर ओलांडलेला बाप, बदललेलं नाव, हसत केलेला कार्यक्रम, बंद पडलेला गळा. ती मशीनच्या पायाशी उकिडवी बसून ऐकत होती. मुठीत गहू तसेच होते.

"माहेरचं कोणीच आलं न्हाई हिच्याकडं?"

मी म्हणलं, न्हाई.

"लाव परत," अक्का म्हणली.

मी लावलं. ती बाई एक ओळ म्हणायची आणि दम घ्यायला थांबायची. त्या थांबण्यात अक्काच्या घशातून काहीतरी खरखरलं. मला वाटलं ठसका लागला, मी पाण्याला उठले. तेवढ्यात शब्द आले. अवो धनी, चष्मा घरीच राह्यला वो तुमचा. तिथं कोण आलं, कोण गेलं, तुम्हाला दिसलं तरी का वो. कोऱ्या चपला खोक्यातच ठेवल्या, लग्नाला घालीन म्हणले. फ्रान्सच्या बाईची ओळ झाली की राजूरच्या बाईची. आणि मंग अक्कानं दोन्ही हात पुढं केले. मी तर घरचीच. पण माहेरची बाई होती फोनात, तिला गळा कुठून आणायचा? मी माझा दिला.

रडणं ऐकू आलं की आमच्याकडं कोणी विचारत बसत न्हाई, आधी आत येऊन बसतं. शेजारणी आल्या, ब्लाउज न्यायला आलेल्या दोघी पिशवीसकट खाली बसल्या. समोरची म्हातारी काठी टेकत आली आणि माझ्या कानाशी वाकली.

"कोण गेलं गं?"

"भाया."

"ते तर कवाच गेले."

"आज गेले," मी म्हणलं.

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं, अक्काकडं बघितलं. पदर तोंडाला लावून अक्काला खेटून बसली आणि तिनं असा हेल काढला की पार कोपऱ्यापर्यंत ऐकू गेला. लहानपणी भायांनी तिच्या झाडाचे पेरू चोरले होते, ते सगळं त्यात आलं. फोनवरचं गाणं कधी संपलं कुणास ठाऊक, तो कुठल्याशा क्रीमची जाहिरात ऐकवत बसला होता.

संध्याकाळी नवरा शेतातून आला, दारातल्या चपला बघून जागीच थांबला. मी त्याला गप बसायला सांगितलं आणि तो खरंच गप बसला. मयताच्या घरी चूल पेटवायची न्हाई, शेजारच्यांनी जेवण आणायचं, त्याला आम्ही कडू घास म्हणतो. म्हातारीची सून पिठलं-भाकरी घेऊन आली. कुणी तिला सांगितलं न्हाई. अक्कानं एक भाकर खाल्ली. मी बघत न्हाई असं दाखवत बघत होते. तिनं दुसरी घेतली, मोडली, आणि घास हातात धरून थांबली.

"त्या फ्रान्सच्या बाईला कोणी कडू घास नेला असंल का गं?"

मी म्हणलं, मला काय माहीत अक्का, तिकडं अशी रीत हाय का न्हाई.

"नसंल, तर ती जेवली कशी असंल," अक्का म्हणली, आणि पिठल्यासाठी ताट पुढं केलं.